विश्लेषण : मोहाची दारू मुरली का नाही? व्हेरिअर एल्विन यांचे आयुष्य काय सांगते?

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सफारीच्या जिप्सी ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारातून आत शिरतात, त्याच वेळी आसपासच्या गावांतील माणसे टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली पोहोचलेली असतात. रात्रभर गळालेली फुले ऊन चढण्याआधी वेचायची असतात. याच फुलांच्या शोधात अस्वलही येते आणि झुडपाआड वाघही असू शकतो. एवढी जोखीम घेऊन गोळा झालेल्या फुलांपासून जी दारू निघते, ती मात्र महाराष्ट्रात बहुतेकदा पोलिसांच्या कारवाईच्या बातमीतच दिसते. पुण्या-मुंबईच्या क्राफ्ट बिअरच्या दुकानांत लाकडी पिंपात मुरवलेल्या बिअरचे कौतुक होते. मग मोहाच्या वाट्याला ते कौतुक का आले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गांधीजींच्या आश्रमातून निघून मोहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका इंग्रज धर्मगुरूचे आयुष्य समोर येते.

मुरवलेली बिअर आणि पहिल्या धारेची मोहाची, यात फरक काय?

साध्या बिअरमध्ये अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ५ टक्के असते. पिंपात मुरवायची बिअर मुद्दाम कडक बनवली जाते. १० ते १४ टक्क्यांची काळी स्टाउट ओकच्या पिंपात, अनेकदा आधी व्हिस्की ठेवलेल्या पिंपात, काही महिने ते वर्षभर ठेवली जाते. लाकडातील घटक बिअरमध्ये उतरतात आणि व्हॅनिला, जळका गूळ, सुके मनुके अशी चव येते. म्हणूनच ती छोट्या ग्लासात, हळूहळू चाखायची असते. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही पद्धत लोकप्रिय झाली आणि पुढे जगभर पसरली.

मोहाचे गणित वेगळे आहे. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली की जो द्रव तयार होतो, त्याला विदर्भात सडवा म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या ही बिअरच्या जवळची पायरी. सडवा मडक्यात तापवून वाफ थंड केली की दारू गळू लागते. सुरुवातीला गळणारी सर्वात कडक असते. पहिल्या धारेची हा मराठीतील शब्दप्रयोग इथूनच आला.

ताजी गाळलेली कोणतीही दारू जिभेला टोचते. ती ठेवली की मऊ होते. पण ठेवायला भांडे, जागा आणि वेळ लागतो. शिवाय उद्या कोणी ती ओतून टाकणार नाही याची खात्रीही लागते. मोहाला नेमकी हीच खात्री मिळाली नाही.

व्हेरिअर एल्विन भारतात कसे आले?

हॅरी व्हेरिअर होल्मन एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. एल्विन सात वर्षांचे असताना वडील वारले आणि धार्मिक वृत्तीच्या आईने मुलांना वाढवले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमध्ये त्यांनी आधी इंग्रजी साहित्य आणि नंतर धर्मशास्त्र शिकले. पाद्री म्हणून दीक्षा घेतली. चर्चमधील मोठ्या पदांकडे जाणारा रस्ता समोर स्पष्ट दिसत होता.

तो सोडून १९२७ च्या अखेरीस ते भारतात आले, ते पुण्यात. जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात भारतीय पद्धतीने राहून ख्रिस्ती जीवन जगण्याचा प्रयोग सुरू होता. १९२८ च्या सुरुवातीला एल्विन साबरमती आश्रमात गेले आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आले. पुढच्या काही वर्षांत ते इंग्रज सरकारच्या विरोधात लिहू लागले. ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे मुंबईत मणिभवनच्या गच्चीवरून गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन त्याच गच्चीवर मुक्कामाला होते.

त्याच महिन्यात ते मध्य प्रांतातील गोंडांमध्ये काम करण्यासाठी निघाले. ही कल्पना जमनालाल बजाज यांच्याशी झालेल्या चर्चेतून पुढे आली होती. सोबत पुण्यापासूनचे मित्र, मराठी तरुण शामराव हिवाळे होते.

करंजियात काय घडले?

दोघे मंडला जिल्ह्यातील मैकल टेकड्यांत करंजिया या गावी पोहोचले. आज मंडला मध्य प्रदेशात आणि चंद्रपूर महाराष्ट्रात आहे. तेव्हा मंडला आणि चांदा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. दोन्हीकडे गोंड होते, सागवान होते आणि मोहही होता. अबकारीचे नियमही एकाच सरकारचे होते.

सुरुवातीला करंजियाचे काम गांधीजींच्या आश्रमाच्या वळणावर चालले. दवाखाना, शाळा, प्रार्थना, खादी असा कार्यक्रम होता. पण या टेकड्यांत कापूसच पिकत नव्हता. बाहेरून कापूस आणून गोंडांना सूत कातायला लावणे कितपत शहाणपणाचे, असा प्रश्न एल्विन यांना पडला. पुढे असे प्रश्न वाढत गेले.

चर्चशीही खटका उडाला. नागपूरचे बिशप अॅलेक्स वुड यांना एल्विन यांनी सरकारशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि धर्मप्रसार करावा असे वाटत होते. गोंडांचे धर्मांतर करण्याची एल्विन यांची इच्छा नव्हती. १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले.

दारूचा प्रश्न याच काळात त्यांच्यासमोर आला. दारूबंदी हा गांधीजींच्या रचनात्मक कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. पण ज्यांच्यात ते राहत होते, त्यांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत मोहाची दारू होती. लग्न ठरताना, पंच बसताना, पेरणीआधी देवाला थेंब वाहताना ती लागत असे. पूर्वजांना दारू न देता जेवण सुरू करणे म्हणजे त्यांना विसरणे. दुरून व्यसन वाटणारी गोष्ट जवळून पाहिल्यावर समाजाची वीण दिसू लागली. एल्विन त्यांच्यासोबत बसू लागले, खाऊ लागले आणि मोहाची चवही घेऊ लागले.

घरची भट्टी गुन्हा कशी ठरली?

इंग्रजांना मोहाची चव ठाऊक नव्हती असे नाही. एल्विन यांच्या सत्तर वर्षे आधी कॅप्टन जेम्स फोर्साइथ हा वन आणि महसूल अधिकारी याच मध्य प्रांताच्या जंगलांत फिरला होता. पचमढीत त्याने बांधलेला बायसन लॉज आजही उभा आहे. १८७१ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याच वर्षी मध्य भारतातील डोंगराळ मुलुखावरचे त्याचे पुस्तक आले. नीट गाळलेली आणि काही काळ ठेवून मुरलेली मोहाची दारू अजिबात टाकाऊ नसते आणि काहीशी आयरिश व्हिस्कीसारखी लागते, असे निरीक्षण त्यात आहे.

म्हणजे मोह मुरतो, हे दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते. तरी गोंडांच्या घरात तो मुरू शकला नाही. याचे कारण महसुलात आहे. इंग्रज सरकारच्या उत्पन्नात अबकारीचा वाटा मोठा होता. हे उत्पन्न हवे तर दारू ठेकेदाराच्या दुकानातून किंवा सरकारी भट्टीतूनच विकली गेली पाहिजे. घरोघरी गाळलेल्या दारूवर कर बसत नाही. त्यामुळे घरची भट्टी बेकायदा झाली आणि दुकानांचे लिलाव होऊ लागले. फूल गोंडांच्या झाडाचे, गाळण्याची कला त्यांची, पण दारू मात्र ठेकेदाराकडून पैसे देऊन किंवा उधारीवर घ्यायची, अशी अवस्था आली.

लपून गाळलेली दारू कोणी वर्षभर ठेवत नाही. ती त्याच रात्री संपवली जाते. पुढे १९३८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला आणि काही भागांत दुकानेही बंद झाली. पण घरच्या भट्टीचा हक्क परत मिळाला नाही.

एल्विन यांचा युक्तिवाद काय होता?

१९३९ मध्ये ‘द बैगा’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक आले. १९४२ मध्ये पारंपरिक पद्धतीने लोखंड गाळणाऱ्या आगरियांवरचे पुस्तक आणि १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या सगळ्यात एक धागा आहे. बैगांची फिरती शेती, म्हणजे बेवर, वनखात्याने बंद केली. आगरियांच्या भट्ट्यांवर कर बसला आणि बाजारात कारखान्याचे लोखंड आले. शिकारीवर बंधने आली आणि घरची दारू गुन्हा झाली. एकेक गोष्ट सुटी पाहिली तर प्रत्येकामागे काहीतरी कारण सांगता येते. सगळ्या एकत्र पाहिल्या की एका समाजाच्या हातून जगण्याची साधने कशी निसटत गेली हे दिसते. यातून माणसांची उमेदच खचते, असा एल्विन यांचा निष्कर्ष होता.

मोहाबाबत त्यांचे म्हणणे व्यवहारी होते. घरी गाळलेली दारू मर्यादित असते आणि ती विधीच्या, सणाच्या चौकटीत प्यायली जाते. दुकानातील दारूला अशी चौकट नसते, तिथे फक्त उधारीची वही असते. त्यामुळे बंदीने पिणे थांबत नाही, पैसा आणि हक्क मात्र घरातून बाहेर जातो.

पुण्या-मुंबईतून विरोध का झाला?

एल्विन यांच्यावर टीका करणाऱ्यांत दोन मोठी नावे होती. आदिवासींच्या सेवेत आयुष्य घालवणारे ठक्कर बाप्पा यांनी १९४१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत दिलेल्या व्याख्यानात आदिवासींना उर्वरित समाजापासून वेगळे ठेवण्याच्या विचाराला विरोध केला. १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी संपूर्ण पुस्तकच लिहिले. आदिवासी हे मागासलेले हिंदूच आहेत, त्यांचे प्रश्न इतर गरीब शेतकऱ्यांसारखेच आहेत, त्यामुळे त्यांना वेगळे ठेवणे चुकीचे, अशी त्यांची मांडणी होती.

या टीकेला एल्विन यांनीच निमित्त दिले होते. बैगांसाठी राष्ट्रीय उद्यानासारखे राखीव क्षेत्र असावे, अशी सूचना त्यांनी ‘द बैगा’मध्ये केली होती. माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवायचे का, असा सवाल उपस्थित झाला. पुढे एल्विन यांनी ही भूमिका सौम्य केली. ताडोबाच्या संदर्भात या सूचनेला वेगळाच अर्थ येतो. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले ते वन्यजीवांसाठी. पुढे गाभा क्षेत्रातील जामणी, नवेगाव ही गावे बाहेर हलवण्यात आली.

दारूची दुसरी बाजू एल्विन यांना दिसली नाही का?

दिसली आणि त्यांनी ती लिहूनही ठेवली. आजच्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर संस्थानात त्यांनी माडियांमधील खून आणि आत्महत्यांचा अभ्यास केला. शंभर खुनांच्या प्रकरणांच्या नोंदी तपासून १९४३ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले. जमीन, संशय, चेटूक, घरगुती भांडण अशा कारणांबरोबर दारूचेही कारण त्यात आहे. १९५० मध्ये ओडिशातील बोंडो समाजावरील पुस्तकात दारू आणि हिंसेचा संबंध त्यांनी आणखी ठळकपणे मांडला.

मध्य भारतात सांगितली जाणारी एक कथा या दुहेरीपणाला धरून आहे. मोहाच्या ढोलीत साचलेले पाणी आधी पोपटाने, मग वाघाने आणि शेवटी डुकराने प्यायले. म्हणून माणूस दारू प्यायला की आधी पोपटासारखा बोलतो, मग वाघासारखा डरकाळ्या फोडतो आणि शेवटी डुकरासारखा चिखलात लोळतो. मध्य भारतातील दंतकथांचा एल्विन यांचा मोठा संग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहाच्या जन्माच्या कथा त्यातही आहेत.

तरीही एक उणीव राहते. नवरा पिऊन आल्यावर घरातील बाई काय म्हणते, हा आवाज त्यांच्या युक्तिवादात क्षीण आहे. त्यांच्या खासगी आयुष्यातही हीच कमतरता दिसते. १९४० मध्ये त्यांनी कोसी या गोंड तरुणीशी लग्न केले. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. पुढे कोसी यांनी हलाखीत दिवस काढले आणि आत्मचरित्रात एल्विन यांनी त्यांच्याविषयी जवळजवळ मौन पाळले. आदिवासींचे दुःख इतक्या बारकाईने टिपणाऱ्या लेखकाच्या आयुष्यातील ही बाजू झाकता येत नाही.

ईशान्येत त्यांनी काय केले?

१९५४ मध्ये एल्विन भारतीय नागरिक झाले. त्याच वर्षी ते शिलाँगला ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून रुजू झाले. शामराव हिवाळे मात्र मंडला परिसरातच राहिले. तिथे पाटणगढ येथे दोघांनी एकत्र वर्षे काढली होती. पुढे याच गावातून जनगढ सिंह श्याम हा गोंड चित्रकार घडला.

ईशान्येत घराघरात तांदळाची बिअर बनत असे. मध्य प्रांतात घडले ते इथे होऊ नये, ही एल्विन यांची धडपड होती. तांदळाची आंबवलेली बिअर आणि गाळलेली कडक दारू यांत फरक करावा, असे त्यांचे मत होते. पहिली जवळजवळ अन्नासारखी आहे, दुसरीचा प्रसार मात्र रोखावा. करंजियापासून इथपर्यंत येताना त्यांची भूमिकाही तावून सुलाखून निघाली होती. सरसकट बंदी नको आणि सरसकट मोकळीकही नको, असे ते म्हणू लागले होते. १९५७ मध्ये आलेल्या ‘ए फिलॉसॉफी फॉर नेफा’ या पुस्तकातील विचार पंडित नेहरूंच्या आदिवासी धोरणाशी जुळणारा होता.

१९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न आज कुठे आहे?

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. दोन्ही जिल्ह्यांत बंदीची मागणी सरकारी कचेरीतून आली नव्हती, ती गावांतून आली होती. २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील महिला चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत पायी गेल्या होत्या. एल्विन यांच्या पुस्तकांत जो आवाज क्षीण होता, तो इथे रस्त्यावर आला होता.

म्हणूनच एल्विन यांचे म्हणणे जसेच्या तसे उचलून आज बंदीविरुद्ध वापरता येत नाही. पण त्यांचा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. ठरवायचे कोणी? पूर्वी लिलाव पुकारणाऱ्या अबकारी खात्याने ठरवले, नंतर सुधारकांनी ठरवले. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मद्यबंदी लागू करण्याचा किंवा मद्याच्या विक्री-सेवनावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली. ज्या गावातील महिलांना दारू नको, त्यांना त्यातून ठराव करता येतो. मात्र गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात असला तरी चंद्रपूरचा बराचसा भाग त्याबाहेर आहे.

शेजारी वेगळे प्रयोग सुरू आहेत. छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबाला ठरावीक मर्यादेत घरगुती वापरासाठी मोहाची दारू गाळता येते. मध्य प्रदेशने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून बाजारात आणण्याची घोषणा केली. म्हणजे फोर्साइथने नोंदवलेली मुरलेली चव आता परवान्यासह बाटलीत येऊ शकते.

तिथेही एल्विन यांचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ओकच्या पिंपात मोह मुरेल, त्याला व्हॅनिलाचा वास येईल आणि शहरात तो चढ्या दराने विकला जाईल. पण पहाटे अस्वलाची चाहूल घेत फुले वेचणाऱ्या बाईच्या टोपलीला त्यातून काय मिळेल, आणि आपल्या गावात भट्टी हवी की नको हे ठरवताना तिचे मत धरले जाईल का, याचे उत्तर बाटलीवरच्या लेबलवर सापडणार नाही.